तेरावी गोळी

एका औद्योगिक वसाहतीत औषधांचा एक भला मोठा कारखाना होता. तिथल्या तपासणी विभागात दहा जागा निघाल्या आणि चाळीस जण मुलाखतीला आले. त्यांत रोहिणी ढमढेरे नावाची एक मुलगी होती. हुशार होती, पण भारी घाबरट. शेजारी कुणी शिंकलं तरी दचकायची. याआधी चार ठिकाणांहून तिला नकार आला होता. इथंही जमलं नाही, तर आत्यानं आणलेलं स्थळ मुकाट्यानं बघायचं, असं घरात ठरलं होतं.

परीक्षा सगळ्यांची एकदमच होती, आणि साधी होती. वीस गोळ्या एकेक करून तोलायच्या, वीस रकान्यांत वजनं लिहायची आणि तो कागद घेऊन मुलाखतीला आत जायचं. दारावर सूचना होती : अपुरा कागद बाद.

बारा गोळ्या झाल्या. रोहिणीनं तेरावी चिमट्यात धरली आणि नेमका कारखान्याचा भोंगा वाजला. ती अशी दचकली, की गोळी सुटली ती थेट तोललेल्या गोळ्यांच्या वाटीत. सगळ्या सारख्याच पांढऱ्या. आता तेरावी कुठली, हे कसं ओळखणार? वेळ तर संपत आलेला. तिनं उरलेल्या गोळ्या कशाबशा तोलल्या आणि तेराव्या रकान्यात बारावीचंच वजन लिहून टाकलं.

बाहेर बाकावर बसल्यावर मात्र ती तो तेरावा रकाना पुन्हा पुन्हा बघायला लागली. शेजारी विराज नावाचा एक उमेदवार बसला होता.

"काय गं, चेहरा का पडला?"

तिनं सांगितलं. तो हसायलाच लागला. "एवढंच? अगं, सगळ्या एकाच साच्यातल्या! मी तर शेवटच्या पाच अंदाजानंच ठोकल्यात. गप आत जा."

रोहिणीनं गप राहायचा प्रयत्न केला. पण मन ऐकेना. त्याच गोळीत औषध कमी असलं तर? आजारी माणसाच्या हातात तर ती एकच गोळी पडणार, बाकीच्या एकोणीस चांगल्या असून त्याला काय उपयोग? तिनं डोळे मिटले. आत्याचं स्थळ समोर उभं राहिलं. तरी तिनं त्या आकड्यावर एक सरळ रेघ मारली, शेजारी लिहिलं, 'ही गोळी मी तोललेली नाही', आणि खाली सही केली.

आत विभागप्रमुख नाझरेबाई होत्या. त्यांनी कागद पाहिला.

"वीस वजनं हवी होती ना?"

"हो मॅडम. भोंगा वाजला, मी दचकले. घाबरून खोटा आकडा लिहिला. मग खोडला."

"पांढऱ्या शाईनं झाकायचा. कागद स्वच्छ दिसला असता."

"पण खाली काय होतं, ते कळायला नको का?"

बाईंनी चष्मा काढला. "त्या मेल्या भोंग्याला मी अठरा वर्षं दचकतेय," त्या म्हणाल्या. "सकाळपासून तीस कागद बघितले. एकालाही भोंगा ऐकू आलेला नाही!"

"पण मॅडम, अपुरा कागद बाद…"

"अपुरा कुठं आहे? एकोणीस वजनं आहेत, आणि एका ठिकाणी काय घडलं ते आहे. आम्ही इथं असंच लिहितो. एक तारखेपासून या."

रोहिणी बाहेर आली आणि बाकावर धपकन बसली.

"झापलं ना?" विराजनं विचारलं.

"नाही रे. घेतलं!"

तिनं सगळं सांगितलं. विराजनं स्वतःच्या कागदाकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारून म्हणाला, "माझ्या पाच आहेत गं."

"मग पाच रेघा मार," रोहिणी म्हणाली आणि तिनं आपलं पेन त्याच्या हातात दिलं.

तात्पर्य : घाबरून झालेली चूक माफ होऊ शकते, पण झाकलेली चूक दुसऱ्या कुणाला तरी भोगावी लागते. म्हणून भीत भीत का होईना, सांगून मोकळं व्हावं.