बटणीचं पान

काचेच्या पेटीत पाणी. पाण्यात हिरवं झाड. झाडाला एक रुंद पान. पानावर कोण झोपायचं? बटणी झोपायची.

बटणी म्हणजे गोगलगाय. शर्टाच्या बटणाएवढी. घरात छोटी कावेरी होती. कावेरीचे बाबा होते. दोघे रोज सकाळी काचेपाशी यायचे. "उठलीस का गं बटणी?" विचारायचे. मग बटणी दोन्ही शिंगं बाहेर काढायची. ऐटीत.

एके दिवशी बटणी खाली चरायला गेली. सरक सरक, सरक सरक. परत येते तो काय? पानावर अंडी. बारीक बारीक, साबुदाण्यासारखी. पानभर अंडी. आणि पेटीतली चांदी मासोळी पंखांनी त्यांना वारा घालतेय. फर्र फर्र, फर्र फर्र.

"मासोळी, मासोळी, हलशील का? माझं पान देशील का?"

मासोळी म्हणाली, "अंडी फुटल्याशिवाय मी हलत नाही."

तेवढ्यात बाबा आले. स्टूल ओढून काचेपुढे बसले. आज ते अंड्यांकडेच बघत राहिले. बटणीने एक शिंग काढलं. दुसरं शिंग काढलं. बाबांनी बघितलंच नाही.

बटणीच्या पोटात दुखायला लागलं.

"सगळे अंड्यांकडे बघतात. माझ्याकडे कुणीच बघत नाही."

सरक सरक, सरक सरक. बटणी अंड्यांकडे गेली.

"अंड्यांनो, अंड्यांनो, फुटाल का?"

"का गं बटणी?"

"मासोळी हलेना,
मला माझं पान मिळेना."

अंडी म्हणाली, "आम्हाला थंडी वाजते. पाणी तापल्याशिवाय आम्ही फुटत नाही."

सरक सरक, सरक सरक. बटणी पाण्याशी बोलली.

"पाण्या, पाण्या, तापशील का?"

"का गं बटणी?"

"अंडी फुटेनात,
मासोळी हलेना,
मला माझं पान मिळेना."

पाणी म्हणालं, "ऊन आल्याशिवाय मी तापत नाही."

ऊन खिडकीबाहेर उभं होतं. बटणी काचेवर चढली. सरक सरक, सरक सरक.

"उन्हा, उन्हा, येशील का?"

"का गं बटणी?"

"पाणी तापेना,
अंडी फुटेनात,
मासोळी हलेना,
मला माझं पान मिळेना."

ऊन म्हणालं, "मध्ये पडदा आहे ना. पडदा सरकल्याशिवाय मी येत नाही."

बटणी आणखी वर चढली. सरक सरक, सरक सरक.

"पडद्या, पडद्या, सरकशील का?"

"का गं बटणी?"

"ऊन येईना,
पाणी तापेना,
अंडी फुटेनात,
मासोळी हलेना,
मला माझं पान मिळेना."

पडदा म्हणाला, "कावेरीने ओढल्याशिवाय मी सरकत नाही."

कावेरी कुठे होती? खाली फरशीवर बसली होती. केस मोकळे. हातात फणी. गाल फुगलेले. बटणी काचेवरून खाली आली. सरक सरक, सरक सरक.

"कावेरी, कावेरी, उठशील का?"

"का गं बटणी?"

"पडदा सरकेना,
ऊन येईना,
पाणी तापेना,
अंडी फुटेनात,
मासोळी हलेना,
मला माझं पान मिळेना."

कावेरी म्हणाली, "बाबाने वेणी घातल्याशिवाय मी उठत नाही. बाबा सकाळपासून नुसता अंडीच बघतोय. माझ्याकडे बघतच नाही."

बटणीला वाटलं, हिच्याही पोटात दुखतंय वाटतं.

सरक सरक, सरक सरक. बटणी बाबांकडे गेली.

"बाबा, बाबा, वेणी घालाल का?"

"का गं बटणी?" बाबा म्हणाले. पण नजर अंड्यांवरच.

"कावेरी उठेना,
पडदा सरकेना,
ऊन येईना,
पाणी तापेना,
अंडी फुटेनात,
मासोळी हलेना,
मला माझं पान मिळेना."

बाबा म्हणाले, "थांब गं जरा. अंडी फुटल्याशिवाय मी उठत नाही."

आता झाली का पंचाईत. बाबा उठेनात तर अंडी फुटेनात. अंडी फुटेनात तर बाबा उठेनात. आता कुणाला विचारायचं? विचारायला कुणी उरलंच नाही.

बटणीला राग आला. अंडी, अंडी, नुसती अंडी.

ती काचेवर चढली. सरक सरक, सरक सरक. थेट बाबांच्या नाकासमोर आली. आणि चिकटली. चप्प.

बाबांना अंडी दिसेनात. नुसती बटणी दिसली.

बाबा डावीकडे झुकले. बटणी डावीकडे सरकली. बाबा उजवीकडे झुकले. बटणी उजवीकडे सरकली.

"बाजूला हो ना गं," बाबा म्हणाले.

"नाही होत," बटणी म्हणाली. "आता मला बघा."

बाबांना हसू आलं. ते मागे टेकले. आणि मागे टेकले तेव्हा त्यांना फरशीवर कावेरी दिसली.

"अगं कावेरी, तुझी वेणी राहिली की."

"तुला अंडीच आवडतात," कावेरी म्हणाली.

"चुकलं बाई माझं. ये इकडे. दे ती फणी."

एक पेड, दोन पेड, तीन पेड. बाबांनी वेणी घातली.

वेणी झाली, कावेरी उठली. टुणकन.
कावेरी उठली, पडदा सरकला. सर्रर्र.
पडदा सरकला, ऊन आलं. झपकन.
ऊन आलं, पाणी तापलं. हळूहळू, हळूहळू.
पाणी तापलं, अंडी फुटली. टुप टुप, टुप टुप.

"बाबा, शेपट्या बघ शेपट्या," कावेरी हळूच म्हणाली.

अंडी फुटली, मासोळी हलली. पिल्लांना तोंडात अलगद धरून तिने मऊ गवतात नेलं. हे नेलं, ते नेलं.
मासोळी हलली, बटणीला पान मिळालं.

सरक सरक, सरक सरक. बटणी पानावर चढली. आणि थांबली.

पानाच्या टोकावर एक पिल्लू राहिलं होतं. दोऱ्याच्या तुकड्याएवढं. कावेरी त्याच्याकडे बघत होती. बाबा त्याच्याकडे बघत होते. बटणीच्या पोटात पुन्हा थोडंसं दुखलं.

"मी इथे राहू?" पिल्लू म्हणालं.

"पान माझं आहे," बटणी म्हणाली.

पिल्लाची शेपटी थरथरली. थुर थुर, थुर थुर.

बटणीने जरा विचार केला.

"बरं, राहा. पण टोकावर. मध्ये यायचं नाही."

पिल्लू टोकावर राहिलं. बटणी पानाच्या मधोमध झोपली. एक शिंग तेवढं तिने बाहेर ठेवलं. पिल्लू मध्ये येतं का, ते बघायला.