पालं उठवण्याचा ठराव

“...मग सांगा बाबा, फाडला की नाही त्याचा मुद्दा?”

मठात पाय ठेवल्या ठेवल्या प्रल्हाद वाबळे विचारत होता. आमच्या गावचा उपसरपंच. वाद कसा घालायचा ते विमलनाथबाबांच्या पायाशी बसून सात वर्षं शिकलेला. मी ओसरीवर वाल सोलत होतो. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

“कुणाचा मुद्दा?” बाबा म्हणाले.

“त्या जगतापाचा! काल भर सभेत म्हणाला, प्रल्हादचं पॅनेल निवडून आलं आणि गावात चोऱ्या वाढल्या. मी उठलोच. म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून काय कावळ्यानं फांदी मोडली? आधी पुरावा दाखव! टाळ्या पडल्या, बाबा. तुमचीच शिकवण.”

“चांगलं बोललास.”

प्रल्हाद फुलला. खिशातनं एक कागद काढून त्यानं बाबांपुढं ठेवला.

आमच्याकडं रीत आहे. ग्रामसभेत ठराव मांडायचा तर तो आधी मठात येतो. बाबांची सही सगळ्यात वर, मग बाकीच्यांच्या. ती नसेल तर गाव हात वर करत नाही.

“वाच तूच,” बाबा म्हणाले.

“ओढ्याकाठी घिसाड्यांची पाच पालं पडली, तेव्हापासून विहिरींवरच्या चार मोटारी चोरीला गेल्या. सबब ती पालं आजच्या आज उठवावीत. खाली पालांतल्या पाच जणांची नावं आहेत. आज अकरा वाजता ग्रामसभा आहे, बाबा. सही करा.”



“त्यांना चोरताना कुणी पाहिलं?”

“पाहिलं नाही.”

“मोटारी पालात सापडल्या?”

“पोलिसांनी दोनदा झडती घेतली. विळे, कोयते आणि भाता, एवढंच. पण विकल्या असतील की! मुरलेली माणसं ती.”

“म्हणजे सापडल्या असत्या तर चोर. नाही सापडल्या तर मुरलेले चोर.”

प्रल्हादनं कागद बाबांच्या आणखी जवळ सरकवला.

“कालचा कावळा कुठं गेला रे?”

मला हसू फुटलं. प्रल्हादनं डोळे वटारले.

“अख्खा गाव म्हणतोय, बाबा!”

“गावाला कुणी सांगितलं?”

“...मीच.”

“त्यातल्या रूपीला बाळंत होऊन चार दिवस झालेत. कुठं जाईल ती?”

“ते मी कसं सांगू? मला पुढं पंचायत समितीला उभं राहायचंय. लोकांना काहीतरी करून दाखवावं लागतं.” मग त्यानं आवाज खाली आणला. “स्पष्ट बोलतो, रागावू नका. सही केली नाहीत तर लोक म्हणतील, मठ चोरांना सामील. एक तर माणूस गावाच्या बाजूचा, नाही तर चोरांच्या. तिसरी बाजू नसते. उद्या कुणी मठावर दगड टाकला, तर मला आवरता येणार नाही.”

घ्या! गुरूची विद्या गुरूलाच. असं वाटलं, उठावं आणि द्यावी एक ठेवून त्याच्या कानाखाली. पण बाबांनी शांतपणे हात पुढं केला.

“पेन दे.”

प्रल्हादनं लगबगीनं पेन दिलं. बाबांनी कागद गुडघ्यावर घेतला, सावकाश लिहिलं, परत दिला. प्रल्हादचा चेहरा खुलला. मग त्यानं वाचलं, आणि तो खाली बसला.

सहीची जागा कोरीच होती. पाच नावांच्या खाली सहावं नाव होतं. ‘विमलनाथ. मूळ गाव माहीत नाही. राहणार मठ.’

“हे काय, बाबा?”

“मीही बाहेरनंच आलो. आलो त्याच आठवड्यात मारुतीच्या देवळातली घंटा गेली. तुझ्या आज्याला विचार. अजून सापडली नाही.”

“पण तुम्ही चोर नाही!”

“पुरावा?”

  

बाबा उठले. घोंगडी खांद्यावर टाकली.

“कुठं निघालात?”

“ओढ्यावर. रूपीच्या पालात बसतो. उठवायला याल तेव्हा मी तिथं असेन.”

“बाबा, असं करू नका. गाव मला जोड्यानं मारेल.” प्रल्हाद दारात आडवा झाला. “पाया पडतो तुमच्या. हे एवढं एक नाव खोडतो मी...”

बाबांनी त्याला हातानं बाजूला केलं. पायरी उतरले. मागं वळून न बघता म्हणाले,

“खोड की. पण वरनं खोडत ये.”