दिवाणसाहेब बाद

दिवाण विरूपाक्षरावांनी शाळेचं मैदान बंद करून तिथे अभ्यासिका बांधायचं ठरवलं आणि तसा लेखी हुकूम घेऊन ते मैदानावर आले. मुलं रडकुंडीला आली.

दिवाण गरजले, "पुस्तकात नाही असं मैदानात काय शिकता? एक गोष्ट दाखवा, मैदान तुमचं!"

आठ वर्षांची वेणू म्हणाली, "मग आमच्याशी लंगडी खेळा."

दिवाण ऐटीत रिंगणात उतरले. वेणूने लंगडी घालत दोन उड्यांत त्यांचा अंगरखा पकडला.

"मी बाद नाही! तुझा हात लागलाच नाही!" दिवाण ओरडले.

"दिवाणसाहेब, बाद झालं की मुकाट्याने बाहेर बसायचं, हे आम्ही इथेच शिकलो. तुमच्या पुस्तकांत ते राहून गेलेलं दिसतंय."

दिवाण वरमले आणि रेघेबाहेर जाऊन बसले. हुकूम त्यांनी तिथेच फाडला.

मग हळूच विचारलं, "वेणूताई, पुढचा डाव कधी?"