बाहुली मागच्या रांगेत आली

नकाशात शोधाल तर सापडायचं नाही, पण डोंगराच्या कुशीत एक इवलंसं गाव होतं. तिथे राहायची मथुरा. सगळे तिला मथू म्हणायचे. तिची आई शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधून विकायची. घरात कधी भाकरी असायची, तर कधी नुसता कोरा चहा. तरी मथू कायम हसतमुख, बरं का!

तिला ध्यास एकच, इंग्रजी बोलायचं. घरच्या शेळीला तिनं इतकं इंग्रजी ऐकवलं होतं, की बिचारी कंटाळून पाठ फिरवायची. वर्गात मात्र मथूचं तोंड बंद.

त्याचं असं व्हायचं. इंग्रजीच्या तासाला सुहासिनीबाई पेटीतून लाल झग्याची बाहुली काढायच्या. ज्याच्या हाती बाहुली, त्यानं शेजारच्याला इंग्रजीत प्रश्न विचारायचा. शेजारच्यानं उत्तर द्यायचं, बाहुली घ्यायची आणि पुढच्याला विचारायचं. पण बाहुली पुढच्याच रांगेत घुटमळायची. ओजस, गार्गी, पुन्हा ओजस! तेवढ्यात टण् टण् घंटा. मागच्या रांगेत ती कधी आलीच नाही.

बाई वाईट होत्या का? छे! मागच्या मुलांना येत नाही, उगाच सगळ्यांसमोर कशाला लाजवायचं, असं त्यांना मायेनं वाटायचं. पण त्या मायेपायी मथूला किती रडू यायचं, ते त्यांना कुठे ठाऊक होतं!

एका सकाळी मथू शाळेच्या परसबागेत झाडांना पाणी घालत होती. पानापानांवर दवाचे थेंब लुकलुकत होते. तेवढ्यात भोपळ्याच्या एका मिटलेल्या फुलातून बारीक आवाज आला, "अगं, काढ ना मला बाहेर! काल खेळता खेळता फूल मिटलं आणि मी बसले अडकून!"

मथूनं एकेक पाकळी हळूच उलगडली. आतून निघाली करंगळीएवढी परी! पिवळाधम्मक झगा, हिरवे चिमुकले बूट आणि पंखांवर सोनेरी परागांचा भुगा.

"अगंबाई! लागलं नाही ना गं तुला, परीताई?" मथूनं विचारलं.

"नाही गं सोनुल्या. माग, काय हवं ते माग. पण नियम ऐक. इच्छा एकच. कुणाचं मन मला बदलता येत नाही. आपल्या एकटीसाठी मागशील, तर ते दुसऱ्या कुणाचं तरी कमी होईल. आणि माझ्या पंखांवरचा भुगा संपला, की जादू संपली."

बाहुली मला दे, हे शब्द मथूच्या अगदी ओठांवर आले होते. पण मग कुणाचा तरी नंबर जाणार! शेजारी बसणाऱ्या भिवाचा गेला तर? तो अडखळत बोलायचा, म्हणून त्याला तर कुणी काहीच विचारायचं नाही.

"परीताई, सगळ्यांचा नंबर होईपर्यंत घंटा थांबव."

"थांबवते. पण मागणारीचा नंबर सगळ्यात शेवटी हं!"

"चालेल की!" मथू म्हणाली.

इंग्रजीचा तास सुरू झाला. परी खिडकीत बसली होती, पण ती मथूलाच दिसत होती. तास संपायची वेळ झाली. शिपाई रामजीकाकांनी घंटेवर हातोडा उगारला, आणि तो हवेतच राहिला! काका ओढून ओढून घामाघूम झाले. घंटाच होईना, मग बाई तरी काय करणार? पुढच्या रांगेचं संपलं आणि बाहुली पहिल्यांदाच मागे आली.

"व्हॉट डू यू लाइक?" मागच्या रांगेतल्या यमीनं भिवाला विचारलं.

"आय... ला... ला..." भिवा अडकला. तिकडे परीच्या पंखांवरचा भुगा भुरुभुरु उडत होता. उत्तर मथूनं सांगून टाकलं असतं, तर तिचा नंबर नक्की लागला असता. पण तिनं भिवाच्या पाठीवर हात ठेवला. "सावकाश, भिवा. घाई नाही."

"आय लाइक... रिव्हर!" भिवा ओरडला. वर्गात टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि भुग्याचा शेवटचा कण उडाला.

टण् टण् टण्!

मथूचे डोळे डबडबले. बाहेर गरमागरम खिचडीचा घमघमाट सुटला होता. पण काय नवल! एकही मूल जागचं हललं नाही.

"बाई, मथूचा नंबर राहिलाय," ओजस म्हणाला.

बाईंनी भिवाकडे पाहिलं. तो अजून आनंदानं थरथरत होता. "चुकलंच माझं," त्या हळूच म्हणाल्या. "झाली तर झाली घंटा. मथू, बोल बाळा."

भिवानं विचारलं. मथू ताठ उभी राहिली. "आय लाइक स्टार्स! आय लाइक साँग्ज! आय लाइक टॉकिंग!" आवाज कसा खणखणीत! आता पुढे विचारायचं कुणाला? सगळ्यांचे नंबर झाले होते. मथूनं बाहुली थेट बाईंपुढे धरली. "बाई, व्हॉट डू यू लाइक?"

बाईंना हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं! "आय लाइक ऑल ऑफ यू," त्या म्हणाल्या. "सगळे. अगदी सगळे!"

खिडकीत परी खुदकन हसली. "यात माझी जादू नाही हं, मथू!" असं म्हणत ती सोनसळी उजेडात विरघळून गेली. तो उजेड प्रत्येक मुलाच्या गालावर क्षणभर चमकला.

दुसऱ्या दिवशी बाहुली निघाली ती मागच्या रांगेतून. आणि तेव्हापासून रामजीकाका हातोडा उचलण्याआधी दारातून डोकावून विचारतात, "काय रे पोरांनो, झाले का सगळ्यांचे नंबर?"