सरकत्या जिन्याची शिकवण

शहराबाहेरच्या मॉलला लोक देवदर्शनाला जावं तसे नटूनथटून जायचे, त्या काळातली ही गोष्ट. मॉलमधल्या सरकत्या जिन्याला भलताच तोरा होता. कोपऱ्यातल्या सिमेंटच्या जिन्याला तो म्हणायचा, "तू लोकांचे गुडघे मोडतोस. माझ्याकडे नुसतं उभं राहायचं. पाय उचलणं हे गावंढळ काम!"

सिमेंटचा जिना काय बोलणार? त्याच्या पायऱ्यांवर झाडू आणि बादल्या ठेवलेल्या असायच्या.

दर रविवारी टिपणीसकाकू यायच्या. "काकू, तुम्ही काऽही करायचं नाही," असं म्हणत सरकता जिना त्यांना अलगद वर न्यायचा. काकूंना ते इतकं पटलं, की पुढे त्यांनी घरातून निघणंच सोडलं. सोफ्यावर बसल्या बसल्या मोबाईलवरून साडी मागवायची, ती दारात हजर! घरोघरी हेच सुरू झालं.

मॉलमधली दुकानं एकेक करून उठली. विजेचं बिल परवडेना, म्हणून मालकाने सरकता जिना बंद केला. एके दिवशी काकू सहज म्हणून आल्या, थांबलेल्या जिन्याकडे पाहून नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, हा बंद आहे. चला घरी."

"काकू, वर अजून एक दुकान उघडं आहे हो!" जिना कळवळून म्हणाला. "चढून या ना. जरा पाय उचला!"

काकू केव्हाच वळल्या होत्या.

सिमेंटचा जिना तेव्हा पहिल्यांदा बोलला, "दादा, एवढ्या मोठ्या घरच्या बाईला असलं गावंढळ काम सांगतोस?"