समोरच्याची घोंगडी

"…पण अप्पा, जे आपण भोगलंच नाही, त्यावर लिहायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?"

अप्पांचे डोळे मिटलेले होते. ही झोप की ध्यान, हे मठात कुणालाच कधी कळलं नाही, आणि विचारायची छाती कुणाला झाली नाही.

मठ सोलापूरच्या बाहेर, तळ्याकाठी. थंडीतली संध्याकाळ होती. पाण्यावरून धुकं वर येत होतं आणि पलीकडचा काठ हळूहळू नाहीसा होत होता.

विचारणारा अंबादास येमूल. समाजशास्त्राचा प्राध्यापक. आईनं विड्या वळून त्याला शिकवलं, आणि पहिली अक्षरं त्यानं याच मठात गिरवली. आता त्याला लांबलांबून भाषणाला बोलावणी येतात. प्राध्यापक लोक उत्तर खिशात घालूनच प्रश्न विचारायला येतात, तसाच तोही आला होता.

उद्या शहरात जाहीर वाद होता. इतिहासवाले, साहित्यवाले, अर्थशास्त्रवाले सगळे जमणार होते. विषय एकच: दुसऱ्याचं दुःख कुणी लिहावं? एका बाजूला अंबादास. दुसऱ्या बाजूला इतिहासाची अभ्यासक मीरा पोंक्षे, त्याची कॉलेजपासूनची मैत्रीण.

मीरानं विडी वळणाऱ्या बायांवर पुस्तक लिहिलं होतं. त्यातलं एक प्रकरण अंबादासच्या आईवर होतं. पुस्तक आल्यापासून तो मीराशी बोलला नव्हता.

"उद्या तिचं पुस्तक मोडीत काढतो," तो म्हणाला. "पुन्हा हातात लेखणी धरणार नाही ती. तुमचा आशीर्वाद हवा."

"आशीर्वाद कुठं पळून जातोय?" अप्पा डोळे न उघडता म्हणाले. "आधी रीत."

रीत अंबादासला माहीत होती. आठवत नसल्याचं सोंग त्यानं करून पाहिलं, पण अप्पांनी तोवर सभामंडपात दोन घोंगड्या समोरासमोर अंथरायला लावल्या होत्या.

मठात कुणाचं म्हणणं खोडायचं असेल, तर आधी त्याच्या घोंगडीवर बसायचं. तो होऊन, 'मी' म्हणून, त्याचं म्हणणं मांडायचं. असं मांडायचं, की तो हजर असता तर त्यानं मान डोलावली असती. तोवर आपल्या घोंगडीवर परतायची मुभा नाही. या रीतीपायी मठात वाद फारच कमी झाले, हेही खरं.

अंबादास मीराच्या घोंगडीवर बसला.

"मी मीरा पोंक्षे. सुखवस्तू घरात वाढले. गरिबांच्या दुःखाचं मला कौतुक वाटतं, आणि त्यावर माझं नाव होतं…"

"असं म्हणेल ती?"

"म्हणणार नाही. पण आहे तसंच."

"मग ते तुझं झालं. तिचं बोल की."

अंबादासनं घसा साफ केला.

"मी मीरा पोंक्षे. माझी भूमिका अशी, की ज्ञान अनुभवापुरतं मर्यादित नसतं. ज्ञाता आणि भोक्ता यांच्यातलं अंतर हीच ज्ञानव्यवहाराची…"

अप्पांनी मोठी जांभई दिली.

"हे छापलेलं झालं. बोलताना कशी बोलते ती?"

अंबादासला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी मीराच्या आठवणीनं हसू आलं होतं.

"बोलताना अडखळते. चष्मा काढते आणि ओढणीनं पुसत बसते."

"मग पूस."

त्यानं चष्मा काढला. धुकं मंडपात शिरलं होतं. समोरची त्याची स्वतःची घोंगडी पुसट झाली, आणि तिथं कुणीतरी बसलंय असं त्याला वाटू लागलं. ताठ मानेचा, रागावलेला माणूस. त्या माणसाची त्याला थोडी भीती वाटली.

तो त्या माणसाशी बोलू लागला. आवाज खाली आला होता.

"अंबादास… तुझ्या आईकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मला काहीच येत नव्हतं. तुमची तेलुगू येत नव्हती. पान कापायला घेतलं तर वाकडंच कापलं, ती खूप हसली. मी नुसती जाऊन बसायचे. मांडीवरच्या सुपात तिची बोटं चालायची, ती मी बघायचे. मग एके दुपारी ती आपणहून बोलायला लागली. मोडक्यातोडक्या मराठीत. मी तिची कुणीच नव्हते ना, म्हणून बोलली असेल…"

तो थांबला. तळ्यावर कुठंतरी एक पाखरू पंख फडफडवून गप्प झालं.

"…तिचं दुःख मला कळलं, असं मी कधी म्हटलं नाही रे. मला ऐकू आलं, एवढंच म्हणते."

"डोलावेल मान?"

"डोलावेल." अंबादास दचकला. चष्मा डोळ्यांवर चढवून तो घाईनं म्हणाला, "पण अप्पा, मी तिचं इतकं आतून बोलू शकलो, तर मग दुसऱ्याच्या आतलं आपल्याला कळत नाही, हे माझं म्हणणं…"

"ते तू बघ."

"आणि बोलू शकलो नसतो, तर रीतीप्रमाणे माझं म्हणणं मला मांडताच आलं नसतं!"

"ते पण तूच बघ."

अंबादास चिडला.

"म्हणजे राग यायलाच नको होता का मला? आमच्या घरात यायचं, आमच्या आईला प्रश्न विचारायचे, आणि शहाणं कोण ठरणार, तर ही!"

"तुझा राग खोटा नाही," अप्पा म्हणाले. आता त्यांनी डोळे उघडले होते. "असल्या घरांतून लोक नुसतं घेऊनच गेले. हे तू उद्या बोलच. पण ती घोंगडी सोडू नको अजून. तिचं काही राहिलंय बोलायचं."

"काही नाही राहिलं."

अप्पा त्याच्याकडे बघत राहिले.

"तिचा फोन आला होता," अंबादास म्हणाला. "पुस्तक छापायला जायच्या आधी. म्हणाली, तुझ्या आईचं एक बोलणं मी पुस्तकात घेतलं नाही. ते तुझं आहे."

"मग?"

"मी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला."

"काय होतं ते?"

एवढ्या सभा गाजवलेला अंबादास बोलला, तो आईच्याच मोडक्यातोडक्या मराठीत.

"'मी तोंड उघडलं की पोरगं सांगतंय, मला काय म्हणायचं हाय ते. म्हणून आता गपच बसते मी.'"

आणि तो रडला. आधी त्याला लाज वाटली, मग लाजेचंही भान राहिलं नाही. आई इथून काही कोसांवर, शहरातल्या गल्लीत बसली होती. दुपारी तो तिच्या दारावरूनच मठात आला होता. भाषणाची तयारी करायची म्हणून आत गेला नव्हता.

अप्पांनी त्याला रडू दिलं. धुक्यात आता तळं दिसत नव्हतं, मंडपाचे खांबही धड दिसत नव्हते.

"अप्पा," तो डोळे पुसत म्हणाला, "मग उद्या बोलू तरी काय मी?"

"व्यासपीठावर खुर्च्या किती आहेत उद्या?"

"दोन. मीच सांगितलंय तसं. एक मीराची, एक माझी."

अप्पा खांबाला धरून हळूहळू उठले. जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर थांबले.

"मग आई कुठं बसेल?"