वरून ओतलेलं पाणी

एका गावात, होडी लागायची त्या घाटावर, दोन भावांची एक खाणावळ होती. थोरला चुलीपाशी असायचा आणि धाकटा पंगतीत वाढायचा. जेवण साधंच, पण वाटसरू वाट वाकडी करून यायचे.

एकदा धाकट्यानं शहरातून काचेची एक मोठी पेटी आणली, तीत पाणी भरलं आणि सोनेरी मासे सोडले. वरणभाताच्या खाणावळीत मासे, म्हणून गावानं त्याची भरपूर थट्टा केली. पण लोक जेवता जेवता त्या माशांकडे बघत बसायचे आणि त्या नादात दोन घास जास्त जायचे. थोरल्यालाही ती पेटी आवडायची, फक्त तो तसं कधी म्हणाला नाही.

मग एका सणाला गावजेवण होतं. थोरल्याला ताप भरला होता, म्हणून आमटी धाकट्यानं केली. पहिल्याच वाढपाला पंगत वाहवा करू लागली. कुणीतरी म्हणालं की अशी आमटी या खाणावळीत आजवर झाली नव्हती. ते ऐकून थोरला अंथरुणातून उठून आला, पळीभर आमटी तोंडात घातली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "खारट आहे." एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण त्यानं पातेलं उचललं आणि सगळी आमटी मोरीत ओतली.

दुसऱ्या दिवशी धाकटा बायकोला घेऊन होडीत बसला आणि नदीपलीकडे राहायला गेला.

वर्षं गेली. थोरल्याला आपली चूक कळत नव्हती असं नाही. पण ती बोलून दाखवायची म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. शिळ्या कढीला ऊत कशाला आणायचा, असं तो बायकोला सांगायचा, आणि दर सणाला नावाड्याबरोबर गोडाधोडाचा डबा पलीकडे पाठवायचा. डबा घासूनपुसून परत यायचा. दुसऱ्याचा डबा रिकामा पाठवू नये म्हणतात, म्हणून आत चिमूटभर साखर असायची. चिमूटभरच. पलीकडच्यांनी रीत पाळली होती, त्याहून जास्त काही नाही. थोरला ती साखर बघायचा आणि पुढच्या सणाला आणखी मोठा डबा भरायचा.

माशांची पेटी मात्र कोपऱ्यात तशीच होती. पाणी आटून खाली गेलं की थोरला विहिरीची घागर आणून वरून ओतायचा. विहीर मचूळ होती. पाणी उडून जायचं आणि त्यातला खार काचेला धरून राहायचा. होता होता काच चुना फासल्यासारखी पांढरी झाली. मासेही एकेक करून गेले. एक म्हातारा मासा तेवढा उरला होता, आणि तो आत आहे की नाही हे बाहेरून कळत नसे.

एके दिवशी सकाळी नावाड्यानं निरोप आणला. धाकटा फार आजारी होता. उद्या त्याला शहरातल्या वैद्याकडे नेणार होते, आणि होडीतून उतरल्यावर गाडी जुंपेपर्यंत तो खाणावळीत टेकणार होता. त्यानं एवढंच विचारलं होतं, की मासे आहेत का अजून.

थोरला पेटीपुढे जाऊन उभा राहिला. भाऊ पुन्हा दिसेल की नाही, कोण जाणे. आणि इतक्या वर्षांनी दारात आला, तर त्याला दाखवायचं काय, ही पांढरी भिंत?

त्यानं माशाला घंगाळात काढलं, पेटी रिकामी केली आणि राख अन् लोखंडी उलथणं हातात घेतलं. जन्मभर करपलेली पातेली घासलेला माणूस तो. चिकटलं की खरवडायचं, एवढंच त्याला ठाऊक. दातओठ खाऊन त्यानं उलथणं ओढलं. खार जेमतेम निघाला, पण काचेवर वीतभर लांब ओरखडा उठला.

आवाज ऐकून बायको धावत आली आणि तिनं त्याचा हात धरला. "अहो, काच आहे ती. पातेलं नव्हे."

तिनं टोपलीभर लिंबं पिळली, फडकी त्या रसात भिजवली आणि काचेला आतून चिकटवली. फडकी वाळू द्यायची नाहीत, ओली करत इथंच बसायचं, असं तिनं त्याला बजावलं. किती वेळ, असं त्यानं चिडून विचारलं.

"सुटेल तेव्हा सुटेल," ती म्हणाली. "इतक्या वर्षांचा आहे तो. जुनं पाणी तुम्ही कधी उपसलंच नाही. नुसतं वरून ओतत राहिलात."

ती बोलली ते पेटीबद्दल, आणि बोलून चुलीकडे गेलीही. थोरला फडकी ओली करत बसून राहिला. दुपार कलली. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, त्यामुळे तिचं वाक्य डोक्यातून जाईना. त्याला लाडवांचे डबे आठवले, करंज्यांचे आठवले, आणि दर वेळी परत आलेली ती चिमूटभर साखर आठवली. सगळं गोड त्यानं वरूनच ओतलं होतं. तळाशी मोरीत सांडलेली आमटी तशीच होती. त्याला रडू आलं, आणि त्यानं ते आवरलं नाही.

संध्याकाळी फडकी काढली तेव्हा खार मऊ पडला होता, बोटानं पुसला तरी निघत होता. थोरल्यानं पेटी धुतली आणि नदीचं गोडं पाणी भरलं. काच लख्ख झाली. ओरखडा तेवढा राहिला.

दुसऱ्या दिवशी दोघांनी धरून धाकट्याला आत आणलं. थोरल्याच्या बायकोनं पेटीसमोर सतरंजी अंथरली होती. म्हातारा मासा काचेजवळ आला. धाकटा त्याच्याकडे बघत राहिला, मग त्यानं ओरखड्यावरून हळूच बोट फिरवलं. चुलीवर शिरा तयार होता. सवयीनं थोरल्याचा पाय तिकडे वळला, पण तो थांबला. मागे फिरला आणि जेवणाऱ्या पंगतीसमोर भावाशेजारी जमिनीवर बसला.

"त्या दिवशी आमटी खारट नव्हती," तो म्हणाला. "लोक तुझं नाव घेत होते, ते मला सोसलं नाही. मी खोटं बोललो."

जेवणाऱ्यांचे हात थांबले. धाकट्यानं माशावरची नजर काढली नाही.

"ठाऊक आहे, दादा," तो म्हणाला. "वाढायच्या आधी मी चाखली होती."

मग त्यानं आपला बारीक झालेला हात थोरल्याच्या गुडघ्यावर ठेवला. तुझे लाडू माझ्या घशाखाली कधी उतरले नाहीत, मी ते शेजारच्या मुलांना वाटून टाकायचो, असंही तो म्हणाला. थोरल्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. गाडी जुंपली तेव्हा तो खाणावळ बायकोवर सोपवून भावाबरोबर गाडीत चढला.

वैद्याच्या औषधाला गुण आला. धाकटा सावकाश बरा झाला आणि नदीपलीकडे आपल्या घरी परतला. दिवाळीला थोरल्यानं नेहमीसारखा डबा पाठवला. परत आला तेव्हा डबा जड होता. झाकण काढलं तर आत काठोकाठ आमटी होती.

थोरल्यानं ती चाखली. खरं सांगायचं तर या वेळी किंचित खारट होती. पण त्यानं पंगतीला आवडीनं वाढली, आणि स्वतःच्या वाटीतली शेवटच्या थेंबापर्यंत भुरकली.

तात्पर्य: दुखावलेल्या मनावर वरून कितीही गोड ओतलं, तरी ते नितळ होत नाही. आधी जुनं पाणी उपसावं लागतं, आणि ज्यानं गढूळ केलं त्यानंच ते उपसावं.